पतसंस्थेवर रन आला तर काय करायचं? नव्या मॅनेजरांसाठी माझा अनुभव

पतसंस्थेत नव्याने मॅनेजर झालेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. रन म्हणजे घाबरून सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येणं. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेने पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध घातले, सुरुवातीला खात्यातून फक्त 1000 रुपये काढता येत होते. टीव्हीवर रडणारी माणसं दिसायला लागली आणि आमच्या तालुक्याच्या गावात, जिथे पीएमसीची शाखासुद्धा नव्हती, तिथे आमच्या काऊंटरपुढे गर्दी सुरू झाली. आमची थकबाकी आटोक्यात होती हो, पण ठेवी कर्जात गेलेल्या असतात आणि कर्जदाराला आज फोन केला म्हणून उद्या वसुली येत नाही, त्यामुळे सगळे एकदम आले तर कुठलीच संस्था पुरी पडत नाही.

चेअरमनसाहेबांना वाटत होतं की दुपारनंतर सर्व्हर डाऊन आहे सांगून शटर खाली घ्यावं. मी म्हटलं, साहेब, आज बंद केलं तर उद्या दुप्पट येतील. त्यांनी ऐकलं, आणि रांगेतला शेवटचा माणूस जाईपर्यंत काऊंटर चालू राहिला. शटरच्या बाबतीत अजिबात तडजोड करू नका.

कॅशसाठी जिल्हा बँकेतली आपली ठेव लगेच मोडायला धावू नका, व्याज बुडतं. त्या ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर उचल, मिळतो, फक्त संचालक मंडळाचा ठराव आणि सह्या आधीच तयार पाहिजेत, ऐन वेळी एक संचालक गावाला गेलेला असतो. आणि मोठी रोकड हवी असेल तर त्या बँकेलाही आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं.

लोक हमखास विचारणार, आमच्या पैशाला विमा आहे का? डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा बँकेतल्या ठेवींना असतो, तेव्हा 1 लाखापर्यंत होता, फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख झाला, पण पतसंस्थेला तो लागू नाही. तर नाही म्हणूनच सांगायचं. एक मावशी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीची पावती प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आल्या होत्या, त्यांना मी हेच सांगितलं आणि मग कागदावर मांडून दाखवलं, सोनेतारण इतकं, जिल्हा बँकेत इतकं. लग्न चार महिन्यांवर होतं. मावशींनी पावती मोडली नाही, खरेदीपुरतं त्याच ठेवीवर ठेवतारण कर्ज घेतलं, म्हणजे व्याजही वाचलं. तुम्ही उत्तर गुळमुळीत दिलं की त्याच मावशी गल्लीत जाऊन दहा जणींना घेऊन येतात.

पिग्मी एजंटांना, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची छोटी बचत गोळा करणाऱ्यांना, रोज सकाळी समोर बसवून खरे आकडे द्या. गावातल्या प्रत्येक दुकानात तेच जातात, त्यांचा चेहरा पडला की बाजारपेठेत बातमी झालीच म्हणून समजा. संचालकांच्या घरच्या ठेवी त्या आठवड्यात कुणीही मोडायच्या नाहीत, हे चेअरमनकडून मीटिंगमध्ये स्पष्ट वदवून घ्या, कारण रांगेतले लोक संचालकाच्या भावाला बरोबर ओळखतात.

सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयाला पहिल्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. नवीन कर्जवाटप लगेच थांबवा, गर्दी ओसरली तरी महिनाभर हात आखडताच ठेवा.