तापीसाठी सागवानी होडी: आम्हा तिघा भावंडांची पद्धत

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिघं नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला जमतो. मी नाशिकहून, धाकटा सुरतेहून. मधला तिथंच शेती करतो. चार दिवस एकत्र काढायला शेतावर खोली बांधण्याऐवजी आम्ही १८ फुटी शिडाची होडी बांधली, तिथल्या बॅरेजमागच्या (बंधाऱ्यामागच्या) तापीच्या पाण्यासाठी.

खान्देशात होडीला सगळ्यात जास्त जपावं लागतं ते उन्हापासून.

कण्याला (तळाच्या मधल्या लांब लाकडाला) आणि फळ्यांना सागवान घ्या, जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष सावलीत वाळलेलं. बरगड्यांना, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वाकड्या लाकडांना, बाभूळ. बैलगाडीवाले सुतार जशी वाकडी फांदी हेरतात तशी हेरा. नैसर्गिक वळणाचं लाकूड कापलेल्या वळणापेक्षा कितीतरी घट्ट असतं.

खळं सारवून घ्या आणि त्यावर होडी खडूनं पूर्ण मापात काढा. लांब लवचीक पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून रेष ओढायची, मग तिघांनी जमिनीला डोळा लावून बघायचं. एकालाही कुबड दिसलं तर रेष पुसायची. आम्ही दोन दिवस हेच केलं आणि ते दोन दिवस मला सर्वात प्रिय आहेत.

नाळेजवळच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, फळ्या वाकवण्यासाठी वाफवाव्या लागतात. आईच्या बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) मोठ्या पातेल्यावर झाकण बसवून त्यातून नळी लाकडी पेटीत सोडली. इंचभर जाडीला तासभर वाफ. बाहेर काढल्यावर हातात मिनिटभरच वेळ असतो, म्हणून कोण कुठं धरणार हे आधी ठरवा.

आता आमची चूक. पहिल्या फळ्या आम्ही वैशाखातच, लाकूड उन्हानं कोरडंठाक असताना, ठोकल्या आणि फटींत सूत दाबून दाबून भरलं. पावसाळ्यात शेडमध्येच लाकूड फुगलं आणि दोन बरगड्या तडकल्या. धाकटा म्हणाला, "ताई, आते ऱ्हाऊ दे." नाही राहू दिलं. त्या फळ्या काढल्या आणि दिवाळीत, हवेत थोडा ओलावा असताना, पुन्हा बसवल्या. म्हणून आखाजीला मापं आणि बरगड्या, दिवाळीला फळ्या. फट आत मिटलेली आणि बाहेर किंचित उघडी ठेवा, कापसाचं सूत हलक्या हातानं बसवा, वर राळ आणि जवसाचं तेल. खिळे तांब्याचे. सागाला अंगचं तेल असतं; एखादा जोड चिकटवायचा असेल तर आधी थिनरनं पुसा, नाहीतर जोड सुटतो.

पाण्यात सोडण्याआधी पाटबंधारे (आताच्या जलसंपदा) खात्याची परवानगी घ्या आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट. आठ दिवस आतून-बाहेरून ओली पोती टाकून ठेवा. तरी पहिल्या रात्री पाणी झिरपेल. आमच्या होडीतून मधल्यानं कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत डब्यानं पाणी उपसलं, आम्ही दोघं शेजारी बसून होतो. दुसऱ्या संध्याकाळी फळ्या फुगून मिटल्या आणि आम्ही तिथंच अंथरूण टाकलं.