अमेरिकेची राज्यघटना अभ्यासताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांची उत्तरं तपासताना अमेरिकेच्या घटनेचा प्रश्न आला की पहिल्या चार ओळींत एक वाक्य हमखास भेटतं : ‘थॉमस जेफरसन यांनी १७७६ मध्ये अमेरिकेची राज्यघटना लिहिली.’ एवढ्याशा वाक्यात वर्षही चुकलंय आणि माणूसही. १७७६ चा आहे तो स्वातंत्र्याचा जाहीरनामा. त्याचा मसुदा जेफरसनचा, हे खरं. घटना लिहिली गेली १७८७ मध्ये, मे महिन्याच्या अखेरीपासून १७ सप्टेंबरपर्यंत. त्या वेळी जेफरसन पॅरिसमध्ये अमेरिकेचा राजदूत होता आणि जॉन अ‍ॅडम्स लंडनमध्ये. घटना लिहिण्यासाठी फिलाडेल्फियात भरलेल्या सभेला दोघंही नव्हते.

गोंधळ होण्यासारखी परिस्थिती आहे, हे मान्य. दोन्ही कामं फिलाडेल्फियातल्या एकाच इमारतीत झाली आणि दोन्ही दस्तऐवजांवर सह्या असलेली सहा माणसं आहेत, बेंजामिन फ्रँकलिन त्यांतलाच एक. पण ही दोन वर्षं एक मानली की मधली अकरा वर्षं गळून पडतात, आणि घटना का लिहावी लागली याचं उत्तर त्या अकरा वर्षांतच आहे.

तेव्हा तेरा राज्यांना बांधून ठेवत होता तो ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ हा करार. १७७७ मध्ये तयार झाला, १७८१ मध्ये अमलात आला. त्यात राष्ट्राध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही. काँग्रेसमध्ये, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेत, प्रत्येक राज्याला एक मत, मग ते मोठं व्हर्जिनिया असो की लहानसं डेलावेअर. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. युद्धाचं कर्ज डोक्यावर, सैनिकांचे पगार थकलेले. करारात बदल करायचा तर तेराही राज्यांचा होकार हवा. आयात मालावर पाच टक्के जकात घेऊ द्या, एवढी साधी मागणी होती, तीही ऱ्होड आयलंडच्या एका नकारामुळे बारगळली. पुढे १७८६ मध्ये पश्चिम मॅसॅच्युसेट्सचे कर्जबाजारी शेतकरी डॅनियल शेज या माजी सैनिकाच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी जप्तीचे हुकूम देणारी न्यायालयं बंद पाडली. काँग्रेसला फौज उभी करता आली नाही. राज्याने जी उभी केली तिचा खर्च बोस्टनच्या सावकार-व्यापाऱ्यांनी खाजगीत उचलला. सभेला येताना प्रतिनिधींच्या मनात हे सगळं ताजं होतं.

म्हणून माझा आग्रह असतो की एखादी तरतूद पाठ करण्याआधी ती कुठल्या दुखण्यावरचा उपाय आहे ते शोधा. काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार का? जकातीचा प्रस्ताव पडला म्हणून. नऊ राज्यांच्या मंजुरीवर घटना लागू होईल, असं का लिहिलं? तेरांच्या एकमताने आधीच सगळं अडवून ठेवलं होतं म्हणून. ऱ्होड आयलंडने तर या सभेला माणूसच पाठवला नव्हता.

एक चूक आपल्या भाषेमुळेही होते. जुन्या मराठी पुस्तकांत देशाचं नाव ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असं येतं. संस्थान म्हटलं की आपल्यापुढे कोल्हापूर, सांगली, औंध उभी राहतात : राजा, दरबार, गादी. तिथे तसं काही नव्हतं. त्या इंग्रजांच्या वसाहती होत्या, स्वतंत्र होताच त्यांतल्या बहुतेकांनी आपापल्या लेखी घटना करून घेतल्या. फिलाडेल्फियाला आलेल्या ५५ जणांपैकी कित्येकांना राज्याची घटना लिहिण्याचा किंवा चालवण्याचा अनुभव होता. कोऱ्या पाटीवर कुणी काही लिहिलं नाही.

‘सत्ताविभाजन’ या शब्दानेही असाच घोळ होतो. एक विद्यार्थी तो केंद्र आणि राज्य यांच्याबद्दल वापरतो, दुसरा काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांच्याबद्दल, आणि तिसरा एकाच परिच्छेदात दोन्हींबद्दल. कागदावर दोन रेघा काढा. उभ्या रेघेवर वर संघराज्य सरकार, खाली राज्यं : हे संघराज्य तत्त्व. आडव्या रेघेवर कायदे करणारे, अंमल करणारे आणि निवाडा देणारे : हे सत्तेचं विभाजन. घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनचा सगळा युक्तिवाद या दोन्ही रेघांवर उभा आहे. लोकांनी दिलेली सत्ता आधी दोन सरकारांत वाटायची, मग प्रत्येक सरकारातही ती वेगवेगळ्या खात्यांत वाटायची.

आडव्या रेघेवरचे तीन कप्पे हवाबंद आहेत असं मात्र लिहू नका. काँग्रेसने केलेला कायदा राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. काँग्रेसची दोन्ही सभागृहं, प्रतिनिधीगृह आणि सिनेट, दोन तृतीयांश मतांनी तो नकार उलटवू शकतात. न्यायाधीश नेमायचा राष्ट्राध्यक्षाने, संमती द्यायची सिनेटने. तह करायचा राष्ट्राध्यक्षाने, त्यालाही सिनेटच्या हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांशांची संमती हवी. उपराष्ट्राध्यक्ष तर सिनेटचा अध्यक्षच. एकाचा पाय दुसऱ्याच्या अंगणात मुद्दाम ठेवला आहे, कारण नुसती कागदावरची सीमारेषा कुणी पाळत नाही हे मॅडिसनने राज्यांच्या कारभारात पाहिलं होतं.

आता सगळ्यांत जास्त वेळा चुकीची वाचली जाणारी तरतूद. ‘घटनेने कृष्णवर्णीयाला तीन पंचमांश माणूस ठरवलं’ हे वाक्य अन्यायाची चीड येऊन लिहिलं जातं. चीड योग्य आहे, वाक्य चुकीचं. प्रश्न प्रतिनिधीगृहात कुणाला किती जागा, हा होता. मोठ्या आणि लहान राज्यांचं भांडण १६ जुलैला मिटलं : प्रतिनिधीगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये सर्वांना समान. पण लोकसंख्येत मोजायचं कुणाला? गुलामांना पूर्ण मोजा, असा दक्षिणेकडच्या गुलाममालकांचा हट्ट होता. मताचा अधिकार द्यायचा नाही, माणूस म्हणून कुठलाच हक्क द्यायचा नाही, पण मोजणी मात्र पूर्ण. म्हणजे मालकांच्या जागा वाढतील. उत्तरेकडचे बरेच जण म्हणत होते, अजिबात मोजू नका. तडजोड झाली तीन पंचमांशांवर. मुक्त कृष्णवर्णीय पूर्ण मोजले गेले. या हिशेबाने गुलामगिरी असलेल्या राज्यांना जादा जागा मिळाल्या, आणि राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचकांची संख्या प्रतिनिधींच्या संख्येवर बेतलेली असल्याने तिथेही त्यांचं वजन वाढलं. तेव्हा हा आकडा शून्य असता तर गुलामांचं नुकसान झालं नसतं, मालकांचं झालं असतं. खरा अन्याय इथे आहे, आणि तो नेमक्या शब्दांत मांडला तर जास्त टोचतो.

मूळ मजकुरात ‘गुलाम’ हा शब्द कुठेही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ अशी वळणं घेतली आहेत. तरीही गुलामांची आयात १८०८ पूर्वी काँग्रेसने बंद करायची नाही आणि पळून गेलेल्याला मालकाकडे परत द्यायचं, हे त्यात आहेच. हे मिटायला यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. महाराष्ट्राशी याचा धागा थेट जुळतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते निग्रोंना गुलामीतून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या त्यागाबद्दल. ते पुस्तक शिकवताना मी हे कलम आवर्जून फळ्यावर लिहितो.

भारताच्या चष्म्यातून अमेरिका पाहण्याची खोडही सोडायला हवी. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना हा फरक स्वच्छ सांगितला : अमेरिकेत नागरिकत्व दुहेरी, आपल्याकडे एकच, तिथल्या राज्यांना स्वतःची घटना करता येते. उरलेले अधिकार तिथे राज्यांकडे आणि लोकांकडे, आपल्याकडे केंद्राकडे. आपली संसद राज्याची सीमा बदलू शकते. तिथे त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याच्या भूमीतून नवं राज्य काढता येत नाही.

काही चुका दोन ओळींत मिटतात. कायदा घटनाबाह्य ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार घटनेत स्पष्ट लिहिलेला नाही. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा १८०३ चा मार्बरी विरुद्ध मॅडिसन हा निकाल लिहा. ‘लोकशाही’ हा शब्दही तिथे नाही, आणि सिनेटर थेट लोकांनी निवडायचे हे १९१३ पासूनचं.

शेवटचा मुद्दा हक्कनाम्याचा, म्हणजे नागरिकांच्या हक्कांची हमी देणाऱ्या पहिल्या दहा दुरुस्त्यांचा, कारण तो मूळ घटनेतच होता असं फार जण लिहितात. नव्हता. व्हर्जिनियाच्या जॉर्ज मेसनने सही नाकारली त्यामागचं एक मोठं कारण हेच. राज्याराज्यांच्या मंजुरी-सभांत लढत अटीतटीची झाली : मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्क ३० विरुद्ध २७. हक्कांच्या दुरुस्त्या लगेच करू, या भरवशावर कुंपणावरची काही मतं वळली. सुरुवातीला ज्याला याची गरज वाटत नव्हती त्या मॅडिसननेच पहिल्या काँग्रेसमध्ये त्या मांडल्या. १७८९ मध्ये बारा दुरुस्त्या राज्यांकडे गेल्या, १५ डिसेंबर १७९१ पर्यंत दहा मंजूर झाल्या. उरलेल्या दोनांपैकी एक, काँग्रेस सदस्यांच्या मानधनाविषयीची, १९९२ मध्ये मंजूर होऊन सत्ताविसावी दुरुस्ती बनली. तेव्हा कुणी तिच्यापुढे ‘मजकूर मॅडिसनचा’ असं लिहिलं असेल, तर ते खोडू नका.