एकाच शाईपेनातून जाड आणि बारीक रेघ

खिशात एकच शाईपेन ठेवायचं आणि त्यानेच सहीही करायची, हिशेबाच्या अरुंद रकान्यात बारीक आकडेही लिहायचे, तर पालथ्या निबनेही लिहिणारं मध्यम निबचं पेन निवडा. नाशिकात मेनरोडवर घ्या की कॉलेज रोडला, शाईत बुडवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

१. सरळ निबने इंग्रजी आठचा आकडा चार-पाच वेळा भराभर गिरवा.

२. पेन हातातल्या हातात अर्धं फिरवा, म्हणजे निबखालची काळी जीभ वर येईल. अजिबात दाब न देता तोच आठ काढा. रेघ बारीक आणि सलग उमटली तर पेन कामाचं. कागद खरवडला किंवा त्याचे तंतू निबच्या चिरेत अडकले तर त्याच मॉडेलचं दुसरं मागा. दोन निब क्वचितच सारख्या निघतात. झाकलेल्या निबची, म्हणजे निबचं फक्त टोक बाहेर दिसतं अशी पेनं यातून बादच.

३. टोपण आट्यांचं हवं. खटक्याचं ओढताना शिंतोडे उडतात.

४. कन्व्हर्टरचं (बाटलीतून शाई ओढून घेणारी छोटी नळी) किंवा कार्ट्रिजचं (शाई भरूनच मिणारी, संपली की बदलायची नळी) पेन घ्या. ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरायचं पेन खिशाला नको: शाई संपत आली की आतली हवा अंगाच्या उबेने फुगते आणि उरलेली शाई टोपणात ढकलते.

मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाट चढतो तसा बाहेरच्या हवेचा दाब घटतो, तेव्हाही तोच प्रकार. निघण्यापूर्वी पेन पूर्ण भरा, निब वर ठेवा.

चेक लिहिताना मात्र पाण्याने धुऊन निघणारी शाई चालणार नाही.