शब्दाच्या शेवटचा ध्वनी शिकवताना या चुका टाळा

"'गाय'च्या शेवटी काय येतं?" असं चार वर्षांच्या मुलाला विचारून बघा. बरीच मुलं क्षणाचाही विलंब न लावता सांगतात, "शेपूट!" मोठी माणसं हसतात आणि मूल गोंधळतं, कारण त्याच्या दृष्टीने उत्तर बरोबरच असतं. या वयाचं मूल शब्द ऐकतं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे वस्तू उभी राहते. शब्द हा आवाजांचा बनलेला आहे आणि त्या आवाजांना सुरुवात व शेवट असतो, हे त्याला अजून कोणी दाखवलेलं नसतं. म्हणून पहिली चूक प्रश्नातच होते. ध्वनी विचारण्याआधी 'शेवट' म्हणजे काय ते हाताला कळू द्या. जमिनीवर तीन चिंचोके ओळीने ठेवा. 'नाक' म्हणताना न्, आ, क् अशा एकेका आवाजाला एकेक चिंचोका पुढे सरकवा आणि मग शेवटच्या चिंचोक्यावर बोट ठेवून विचारा, "हा कोणता आवाज?" डी. बी. एल्कोनिन या सोविएत मानसशास्त्रज्ञाची चौकटीत सोंगट्या सरकवण्याची पद्धत जगभर वापरली जाते, ती हीच. आपल्याला चिंचोके पुरतात.

इंदूरमधल्या मराठी घरांतल्या मुलांना मी शिकवते. ही मुलं शाळेत हिंदी किंवा इंग्रजी बोलतात आणि घरी आजीशी मराठी. 2021 साली निपुण भारत हे लहान मुलांच्या पायाभूत वाचन-गणिताचं सरकारी अभियान सुरू झाल्यापासून ध्वनिजागरूकता, म्हणजे शब्दातले आवाज वेगवेगळे ओळखता येणं, हा शब्द पालकांच्या कानावर पडू लागला आहे. पण शाळेत ती मराठीतून होत नाही. ती घरीच करावी लागते, आणि शेवटच्या ध्वनीपाशी घरोघर तेच तेच अडतं.

'अ' चिकटवून बोलू नका

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मुलाची नसते, आपली असते. 'घर' आपण लिहितो तेव्हा र पूर्ण असतो, पण बोलताना शेवटचा अ गळून जातो आणि तोंडातून 'घर्' निघतं. मुलाला शिकवायला बसलो की मात्र आपण सावकाश, ठासून म्हणतो, "घ…र… बघ, शेवटी रअ!" रोजच्या बोलण्यात त्या शब्दात नसलेला आवाज आपणच आत घालतो.

यात काय बिघडतं ते 'केळ'वरून लगेच कळेल. केळ म्हणजे झाड. त्याच्या शेवटच्या ळ ला अ लावून लांबवलं की केळं होतं, म्हणजे फळ. घर-घरं, पान-पानं यांचंही तसंच. मराठीत शेवटी अ असणं आणि नसणं यात खरा फरक आहे, आणि आपण अघळपघळ बोललो की तोच पुसला जातो.

उपाय सोपा आहे. शब्द नेहमीच्या वेगाने म्हणा आणि शेवटचा आवाज तोडून ठेवा: घर्, कान्, बस्. मुलाने उत्तर म्हणून 'र' म्हटलं तर ते बरोबरच धरा. आपल्या वर्णमालेत व्यंजनांची नावंच अ लावून घेतात, त्याने दुसरं काय म्हणावं?

भेंड्यांचा नियम इथे चालत नाही

पाहुणे जमले की आपल्याकडे गाण्याच्या भेंड्या होतात, आणि लहान मुलं आजूबाजूला बसून त्यांचा नियम आपसूक उचलतात. शेवटचं अक्षर घ्यायचं, मात्रा-वेलांट्या सोडून द्यायच्या. मग 'पोहे'च्या शेवटी काय, असं विचारलं की उत्तर येतं 'ह'. भेंड्यांच्या हिशेबाने ते बरोबर आहे, पण कानाने ऐकलं तर शेवटी ए आहे.

इथे घाई करू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं. देवनागरीत वाचायचं तर अक्षर ओळखणं ही पायरी हवीच. मूल 'हे' म्हणालं तर त्याला शाबासकी द्या, आणि काही दिवसांनी तो 'हे' लांबवायला सांगा: हेएएए. तोंड कशावर थांबलं? ए वर. हे जमू लागलं की नव्या नियमाच्या भेंड्या खेळा, शेवटच्या आवाजावरून पुढचा शब्द: पोहे, एक, कढई, इंदूर, रताळं, अननस, सराफा, आजी. ई आणि इ चा भेद इथे सोडून द्या. हा खेळ कानाचा आहे.

कोणतेही शब्द घेऊन सुरुवात करू नका

म, न, स, श, र, ल हे आवाज शेवटी लांबवता येतात. 'घाम' म्हणताना ओठ मिटून म् कितीही वेळ घुमवता येतो, 'बस'चा स् सापासारखा फुत्कारत राहतो. म्हणून पहिले शब्द यातले घ्या. क, ट, त, प शेवटी आले की तोंड बंद होतं आणि आवाज तिथेच संपतो, ते ऐकू येणं मुळात अवघड. 'माप', 'हाक', 'पाट' दुसऱ्या टप्प्यात ठेवा आणि ते शिकवताना आरसा हाताशी असू द्या. प ला ओठ मिटलेले दिसतात. गाय, नाव, शेव यांतले य आणि व अर्धवट स्वरांत विरघळतात, म्हणून इंदुरी मुलाच्या अत्यंत आवडीची शेवसुद्धा जरा मागेच राहू द्या. मित्र, शब्द, रक्त असली जोडाक्षरं तर सगळ्यात शेवटी.

मूल पहिलाच आवाज सांगत असेल तर

हे फार होतं. 'नाग'चा शेवट विचारला की उत्तर 'न'. सुरुवातीचा आवाज मुलाला आधी कळतो, शेवटचा नंतर आणि मधला सगळ्यात उशिरा, हा क्रम नैसर्गिकच आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा तोच शब्द मोठ्याने म्हणून उपयोग होत नाही. सुरुवात एकच ठेवा म्हणजे तिचा आधार निघून जाईल: नाक, नाग, नाच. काम, कान, काच, काळ. हात, हार, हाड, हाक. चित्रं समोर पसरा, एक शब्द म्हणा आणि बोट ठेवायला सांगा. शेवट ऐकल्याशिवाय बोट बरोबर पडणारच नाही.

काही मुलं 'कान' म्हटलं की 'पान' म्हणतात. ते यमक आहे, शेवटचा ध्वनी वेगळा काढणं नाही. ऊन, तीन, फोन असे यमक न जुळणारे पण न् वर संपणारे शब्द द्या, मग कळेल की त्याला नक्की काय ऐकू येतंय.

हिंदीच्या शेवटांना चूक म्हणू नका

इंदुरात हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मराठीत हात, हिंदीत हाथ. मराठीत भूक, हिंदीत भूख. मुलाने हाताच्या शेवटी थ सांगितला तर त्याचा कान अगदी नीट चालतोय, त्याने हिंदी शब्द ऐकला एवढंच. तसंच ळ आणि ण चं. फळ ला 'फल' म्हणणारं मूल शेवटी ल सांगणारच. म्हणून आधी शब्द त्याच्या तोंडून म्हणवून घ्या. तो जे म्हणतो त्याचाच शेवट त्याने सांगितला असेल तर ध्वनी ओळखण्यात तो पास आहे. उच्चाराचं काम वेगळं, ते दुसऱ्या वेळी करा. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून भूक आणि भूख जोर देऊन म्हटलं तर ख ला पट्टी जास्त हलते. मुलांना हे फार आवडतं आणि दोन्ही भाषांचा मान राहतो.

जे खरंच निसटतं ते निराळंच आहे. आला, आली, आलं, आले, आल्या: मराठीत लिंग आणि वचन दोन्ही शेवटच्या आवाजात बसलेलं असतं. हिंदीत नपुंसकलिंग नाही, शिवाय किताब स्त्रीलिंगी. म्हणून आपली मुलं सहज म्हणतात, "पुस्तक पडली." वाक्य दुरुस्त करून देण्यापेक्षा कानाला काम द्या. "पेन पडला, पेन्सिल पडली, पुस्तक पडलं" असं म्हणत वस्तू खरोखर पाडा, आणि मग 'पड…' म्हणून थांबा, शेवट मुलाला पुरा करू द्या. शेवटच्या ध्वनीचा इतका रोजचा उपयोग दुसरा नाही.

'वाग' ऐकू आलं तर?

'वाघ'च्या शेवटी ग आणि 'दूध'च्या शेवटी द सांगणाऱ्या मुलाला रागावू नका. शेवटी आलेला महाप्राण, म्हणजे घ, ध यांतला श्वासाचा झोत, बोलण्यात मंदावतोच, स्वतः म्हणून बघा. विभक्ती लावली की तो उघडा पडतो: वाघाला, दुधात. मूल स्वतःच म्हणेल, "अरे, घ आहे!"

लिहिलेला शब्द समोर ठेवू नका

निदान सुरुवातीचे काही आठवडे तरी. देवनागरीत स्वराची खूण अक्षराच्या वर, खाली, मागे, पुढे कुठेही बसते. शाळेच्या हिंदी पुस्तकात 'कवि'ची ऱ्हस्व वेलांटी व च्या आधी दिसते, ऐकू मात्र नंतर येते. मराठीत आपण 'कवी' लिहितो. डोळ्याने शेवट शोधणारं मूल इथे हमखास फसतं. चित्रं, चिंचोके, खऱ्या वस्तू एवढंच पुरे. वेळही पाच मिनिटांच्या वर नको. रिक्षात, पोहे होईपर्यंत ओट्यापाशी, केस विंचरताना जमतं.

एवढं करूनही जमत नसेल तर

आधी प्रश्न सोपा करा. "शेवटी काय?" ऐवजी "घाम आणि काम, शेवट सारखा की वेगळा?" त्याच्या पुढे तीनातून एक निवडणं, मग स्वतः सांगणं, आणि सगळ्यात वर 'काम'चा म् काढून त्याजागी न् लावून 'कान' करणं.

मूल चार वर्षांचं होऊनही बोलताना शेवटची व्यंजनं सर्रास गाळत असेल, किंवा वारंवार सर्दी होऊन टीव्हीचा आवाज वाढवायला लागलं असेल, तर खेळ बाजूला ठेवून आधी कान तपासून घ्या. लहान वयात सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साचणं नेहमीचं आहे आणि त्याने हळू, अस्पष्ट आवाज सगळ्यात आधी हरवतात. शब्दाचा शेवट बहुधा हळूच बोलला जातो. इंदूरच्या एम. वाय. रुग्णालयात किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे ही तपासणी होते, आणि तिला फार वेळ लागत नाही.