लंबक टांगा आणि सिद्धांताची हद्द मोजा

विज्ञानातला सिद्धांत कधी कायमचा खरा ठरतो का, या प्रश्नाला दोन तयार उत्तरं मिळतात. एक म्हणजे ‘विज्ञानाने सिद्ध केलंय, विषय संपला’. दुसरं, ‘आज एक सांगतात, उद्या दुसरं सांगतील, मग मानायचं कशाला’. दोन्ही उत्तरं आळशी आहेत, आणि दुसरं तर घातकही आहे. सिद्धांताबद्दल विचारायचं ते असं: तो कुठल्या हद्दीत, किती अचूकतेने खरा आहे, आणि काय दिसलं तर तो मोडेल? हे शब्दांत समजावण्यापेक्षा साध्या लंबकावर करून पाहिलेलं बरं. विज्ञानशिक्षकांना एका दुपारी वर्गातही करता येईल.

साहित्य आणि मांडणी

गवंड्याचा ओळंबा किंवा तेवढ्याच वजनाचा लोखंडी गोळा, न ताणणारा सुती दोरा, मीटरपट्टी, कोनमापक आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच. टंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) वापरू नका, वजनाने ती ताणते. दोरा खिळ्याला बांधू नका. झोका घेताना तो खिळ्याभोवती थोडा गुंडाळला जातो आणि लांबी सतत बदलते. लाकडाच्या दोन पट्ट्यांमध्ये दोरा घट्ट दाबून धरा, म्हणजे टांगण्याचा बिंदू एकच राहतो. पट्ट्या ज्या टेबलाला बांधाल ते हलता कामा नये. पंखा बंद.

वजन लटकत असतानाच लांबी मोजा, त्या लाकडी पट्ट्यांच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत, बरोबर १०० सेंटिमीटर. ओळंब्याचा गुरुत्वमध्य नेमका सापडत नसेल तर पुढे दिलेली दोन लांबींची युक्ती वापरा.

मोजण्याआधी आकडा लिहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळा अर्थ तिच्यातच आहे. मोजून झाल्यावर जुळवलेलं सूत्र कशालाही जुळवता येतं. आधी लिहिलेला आकडा मात्र चुकू शकतो, आणि चुकण्याची जोखीम घेतली तरच ती परीक्षा होते.

मुंबईत समुद्रसपाटीला गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो तो) सुमारे ९.७८६ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. पुस्तकातलं ९.८१ हे युरोपच्या अक्षांशांच्या जवळचं. लंबकाच्या सूत्रात (आवर्तकाल = २π × √(लांबी ÷ गुरुत्व त्वरण)) तो घातला, की एक मीटरच्या लंबकाचा आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाला (पूर्ण झोक्याला, जाऊन परत येण्याला) लागणारा वेळ, २.००९ सेकंद येतो. म्हणजे ५० दोलनांना १००.४ सेकंद. हा आकडा वहीत पेनाने लिहा.

मोजणी

गोळा ५ अंशांपर्यंत, म्हणजे बाजूला साधारण ९ सेंटिमीटर ओढा आणि धक्का न देता सोडा. ढकलला तर तो लंबवर्तुळात फिरू लागतो आणि मोजणी वाया जाते. दोराच्या मागे कागदावर एक उभी रेघ काढा आणि गोळा त्या मधल्या रेघेवरून जाताना मोजा, टोकाला नाही. टोकाला तो रेंगाळतो, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. एकाच दिशेने जाताना मोजायचं आणि पहिल्या वेळी ‘शून्य’ म्हणायचं.

पाच वेळा मोजा, सरासरी काढा आणि पाचांत किती तफावत आहे तेही लिहा. मग लांबी गुणिले ३९.४८ (म्हणजे ४π²), भागिले आवर्तकालाचा वर्ग, हे आलं तुमचं गुरुत्व त्वरण.

आता त्रुटी. बोटाच्या प्रतिक्रियेतून ०.२ सेकंद इकडेतिकडे होतात. ते १०० सेकंदांत ०.२ टक्के, आणि कालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात ०.४ टक्के, म्हणजे साधारण ०.०४. लांबीत एक मिलिमीटर चुकला तर ०.०१. तेव्हा ९.७४ ते ९.८३ मधलं कुठलंही उत्तर सूत्राशी जुळतं. ९.८१ आणि ९.७८६ यांत फरक करायचा असेल तर एवढी अचूकता पुरणार नाही. मग २०० दोलनं मोजा, म्हणजे प्रतिक्रियेची त्रुटी ०.०१ वर येते.

उत्तर बिघडलं तर आधी काय तपासायचं

१०.१९ च्या आसपास आलं, तर मोजणी ‘एक’पासून सुरू झाली आहे. प्रत्यक्षात ४९ दोलनं झाली आणि तुम्ही ५० धरली. उत्तर सतत थोडं कमी किंवा जास्त येत असेल, तर गोळ्याचा मध्य धरण्यात चूक झाली असेल. अशा वेळी १०० आणि ६० सेंटिमीटर या दोन लांबींना आवर्तकाल काढा. लांबींतला फरक ०.४ मीटर गुणिले ३९.४८, भागिले दोन वर्गांतला फरक. मध्याची चूक वजाबाकीत निघून जाते. मात्र इतर त्रुटी वाढतात, म्हणून इथे १०० दोलनांपेक्षा कमी घेऊ नका.

या क्रमाकडे नीट पाहा. आकडा जुळला नाही म्हणून कोणी लगेच सूत्रावर संशय घेत नाही. आधी मोजणी, मग उपकरण, मग गृहीत धरलेल्या गोष्टी, आणि सिद्धांत शेवटी. हा सिद्धांताचा लाड नव्हे. भाकीत कधीच एकट्या सिद्धांतातून येत नाही, त्यासोबत डझनभर गृहीतं असतात आणि बिघाड त्यांपैकी कशातही असू शकतो.

आता हद्द शोधा

गॅलिलिओचं म्हणणं होतं की झोका लहान असो वा मोठा, आवर्तकाल तोच. तपासा. ५, ३० आणि ६० अंशांवरून प्रत्येकी १० दोलनं मोजा. अपेक्षित काल अनुक्रमे २०.०९, २०.४३ आणि २१.५६ सेकंद. हवेच्या रोधाने कोन घटत जातो, म्हणून मोठ्या कोनांना फरक थोडा कमीच दिसेल. शेवटचा कोनही टिपून ठेवा.

५ अंशांना गॅलिलिओचा नियम फक्त ०.०५ टक्क्यांनी चुकतो, हाताने ते पकडता येत नाही. ३० अंशांना पाच वेळा मोजलं तर कळतं. ६० अंशांना पहिल्याच खेपेला कळतं. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३च्या ग्रंथात दाखवलं की गोळा वर्तुळाऐवजी चक्रज वक्रावरून (घरंगळणाऱ्या चाकाच्या कडेवरचा बिंदू काढतो त्या वक्रावरून) झुलला तरच काल खरोखर सारखा राहतो. म्हणून गॅलिलिओचा नियम फेकून दिला का? नाही. त्याला हद्द मिळाली: लहान कोन, आणि किती लहान हे तुम्हाला हव्या असलेल्या अचूकतेवर. वहीत नियमाशेजारी ही हद्द लिहिल्याशिवाय नियम पूर्ण होत नाही.

हद्दी जागेच्याही असतात. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां रिशे पॅरिसचं लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेतल्या केयेनला गेला. तिथे ते दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि लंबक जवळपास ३ मिलिमीटर आखूड करावा लागला. विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी आहे, हे त्यातून कळलं. न्यूटनने पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याचं मांडताना ही नोंद वापरली.

दोन ग्रह, एकच सूत्र

‘कायमचं खरं’ या दाव्याची सगळ्यात चांगली परीक्षा इथे आहे. युरेनस न्यूटनच्या गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच गणितज्ञ उर्बें ल व्हेरिएने सिद्धांत कायम ठेवून एक न दिसलेला ग्रह गृहीत धरला, आणि २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनच्या वेधशाळेत योहान गालेला नेपच्यून सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. बुधाची कक्षाही चुकत होती. ल व्हेरिएने १८५९ मध्ये तोच उपाय केला, सूर्याजवळच्या नव्या वस्तुमानाचा. तिथल्या ‘व्हल्कन’ ग्रहाचा अनेकांनी शोध घेतला, पण तो नव्हताच. बुधाच्या कक्षेतला शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तो फरक नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून निघाला. एकच माणूस, तीच पद्धत, एकदा यश आणि एकदा अपयश. कुठल्या वेळी गृहीत बदलायचं आणि कुठल्या वेळी सिद्धांत, हे आधी सांगणारा नियम कोणाकडेही नाही.

तुमच्या लंबकाकडे परत या. पृथ्वीच्या पृष्ठभागावर आइन्स्टाइनची दुरुस्ती अब्जातल्या एका भागाहूनही लहान आहे. तुमची त्रुटी अडीचशेत एक भाग. म्हणजे तुमचा आकडा न्यूटनशी जितका जुळतो तितकाच आइन्स्टाइनशीही जुळतो, जरी एक सिद्धांत गुरुत्वाला बल म्हणतो आणि दुसरा अवकाश-काळाची वक्रता. जुळणारा आकडा या दोघांतला खरा कोण हे सांगू शकत नाही. कितीही जुळवाजुळव झाली तरी अंतिम सत्याचा शिक्का बसत नाही, तो याच कारणाने. पण याच हिशेबात ‘उद्या सगळं बदलेल’वाल्यांचंही उत्तर आहे. नव्या सिद्धांताला जुन्याचे आकडे जुन्याच्या हद्दीत परत द्यावेच लागतात. चित्र बदलतं, तुमचे १००.४ सेकंद बदलत नाहीत.

जीपीएसमध्ये मात्र हद्द ओलांडलेली असते. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो. ही दुरुस्ती न्यूटनच्या चौकटीत बसतच नाही.

कुठलाही सिद्धांत तपासताना

चार रकाने करा: दावा, हद्द, आजवरची अचूकता, मोडणारी नोंद. ‘पृथ्वी गोल आहे’सारखा दावा आणि ‘गुरुत्व म्हणजे वक्रता’ हा दावा एकाच ओळीत टाकू नका. पहिला इतक्या वेगवेगळ्या मार्गांनी तपासला आहे की तो उलटण्याची वाट पाहणं व्यर्थ आहे, दुसरं हे स्पष्टीकरण आहे आणि ते खोलवर बदलू शकतं. चौथा रकाना भरताच येत नसेल, म्हणजे काहीही घडलं तरी दावा टिकतच असेल, तर त्याला वैज्ञानिक सिद्धांत म्हणून या वहीत जागा देऊ नका.

आइन्स्टाइनच्या सिद्धांताचा चौथा रकाना अजून उघडा आहे. दीर्घिकांच्या (अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांच्या) बाहेरच्या कडेचे तारे दिसणाऱ्या वस्तुमानाच्या मानाने फार वेगाने फिरतात. बहुतेक खगोलशास्त्रज्ञ न दिसणारं कृष्णद्रव्य मानतात, तर भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिलग्रोमने १९८३ मध्ये गतीचे नियमच बदलून पाहिले. नेपच्यून की व्हल्कन, हाच पेच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा कृष्णविवरांच्या टकरींमधून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी (अवकाश-काळातले तरंग) मोजेल. त्या टकरींच्या ठिकाणचं गुरुत्व इतकं तीव्र असतं की या सिद्धांताची हद्द तपासायला त्याहून चांगली जागा सापडणं कठीण.