कोकणच्या किनाऱ्यावरून चंद्र पाहताना या चुका टाळा

आकाशदर्शनाची सुरुवात चंद्रापासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. तो शोधावा लागत नाही, गावातल्या दिव्यांना हार जात नाही, आणि त्याचा जन्म कसा झाला याचे बरेच पुरावे त्याच्या तोंडावर उघडे आहेत. छोट्या दुर्बिणीतून ते आपले आपण पाहता येतात. तरीही हौसेने दुर्बीण घेतलेले कितीतरी जण दोन-चार रात्रींत ती माळ्यावर टाकतात. त्यांच्या चुका बहुधा त्याच त्याच असतात. काही पाहण्यातल्या, काही समजण्यातल्या, आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

समुद्राकडे तोंड करून चंद्रोदयाची वाट पाहणं

घाटावरून सुट्टीला आलेल्यांची ही हमखास चूक. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने. गुहागरच्या वाळूत लाटांकडे पाहत बसलेल्याच्या पाठीमागे, माडांच्या आड, पौर्णिमेचा चंद्र केव्हाच वर आलेला असतो.

तिथी पाहून जागा ठरवा. शुद्ध द्वितीया-तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर थेट समुद्रावर दिसते, आणि पश्चिमेचं एवढं मोकळं क्षितिज घाटावर सहसा मिळत नाही. त्याच संध्याकाळी कोरीच्या आतला काळोखा भागही फिकट राखाडी दिसतो. पृथ्वीवरून परतलेला सूर्यप्रकाश तिथे पडलेला असतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताला डोक्याच्या आसपास असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र उगवताना पाहायचा असेल तर किनारा सोडून सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळपठारावर जा. पाण्यावर पाहायचा असेल तर पहाटे या, तो समुद्रात मावळताना दिसेल.

संकष्टीला घरोघर चंद्रोदय पाहिला जातो. पंचांगातली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते, शिवाय गावागणिक बदलते. पूर्वेला डोंगर जवळ असेल तर चंद्र वीस-पंचवीस मिनिटं उशिराही दिसू शकतो. त्यात पंचांगाचा दोष नाही. नैवेद्य दाखवून झाला की दुर्बीणही लावा. चंद्र पाहायला सगळं घर अंगणात आलेलंच असतं.

फक्त पौर्णिमेला दुर्बीण काढणं

पौर्णिमेला सूर्याचा उजेड चंद्रावर आपल्या बाजूनेच पडतो. सावल्या उरत नाहीत आणि विवरं सपाट दिसतात. डोंगर, दऱ्या, विवरांच्या कडा पाहायच्या तर शुद्ध षष्ठी ते एकादशी हे दिवस धरा. उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर नजर ठेवा. तिथे नुकताच सूर्य उगवत असतो, त्यामुळे लहानशा उंचवट्याचीही लांब सावली पडते. अष्टमीच्या आसपास दक्षिणेकडचा भाग विवरांनी खच्चून भरलेला दिसतो. दशमीच्या सुमारास कोपर्निकस हे ९३ किलोमीटर रुंदीचं विवर उजेडात येतं. पायऱ्यापायऱ्यांच्या त्याच्या आतल्या भिंती पाहिल्यावर मोठ्यांच्याही तोंडून आवाज निघतो.

म्हणून पौर्णिमा वाया गेली असं मात्र नाही. त्या रात्री उंचसखलपणा दिसत नाही, पण काळं-पांढरं स्वच्छ वेगळं होतं. ज्या काळ्या डागांत आपल्याकडे ससा पाहतात, ती लाव्हाची मैदानं आहेत. पांढरा भाग त्यांच्याहून जुना आणि उंच आहे. चंद्राच्या जन्मकथेतला एक मोठा धागा याच दोन रंगांत आहे.

आता नकाशाचं. पुस्तकांतली चित्रं पुष्कळदा युरोप-अमेरिकेतून दिसणाऱ्या चंद्राची असतात. कोकण साधारण १६ ते २० उत्तर अक्षांशांत येतं, त्यामुळे आपल्याला चंद्र बराच कलंडलेला दिसतो. माघ-फाल्गुनातली द्वितीयेची कोर जवळपास आडवी असते, आणि संकष्टीचा चंद्र उगवताना वरच्या कडेने झिजलेला दिसतो. नकाशा जुळेना की तोच हातात फिरवा. त्यातून आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, आणि भिंगाच्या दुर्बिणीला कोनात बसणारा आरसा लावला की डावं-उजवं बदलतं. यात काही बिघडलेलं नसतं.

चंद्र म्हणजे पृथ्वीचा तुटलेला तुकडा असं मानणं

समुद्रमंथनातून चंद्र वर आला ही कथा आपण लहानपणी ऐकतो. पुढे कुठेतरी वाचनात येतं की प्रशांत महासागराच्या खड्ड्यातून चंद्र निघाला, आणि दोन्हींची मनात सरमिसळ होते. दुसरी कल्पना खरोखर विज्ञानात होती. चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांनी १८७९ च्या सुमारास असं मांडलं की, वेगाने फिरणाऱ्या वितळलेल्या पृथ्वीपासून चंद्र सुटून निघाला असावा. प्रशांत महासागर ही त्याची खूण, ही भर भूशास्त्रज्ञ ऑस्मंड फिशर यांनी १८८२ मध्ये घातली. पण प्रशांत महासागराचा आजचा तळ २० कोटी वर्षांहूनही तरुण आहे आणि चंद्र सुमारे ४५० कोटी वर्षांचा. इतक्या कोवळ्या तळाला इतक्या जुन्या घटनेची खूण म्हणता येत नाही.

आज सर्वाधिक मान्य असलेली मांडणी टकरीची आहे. हार्टमन आणि डेव्हिस या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये आणि कॅमेरॉन आणि वॉर्ड यांनी १९७६ मध्ये ती पुढे आणली. नुकत्याच घडलेल्या पृथ्वीवर साधारण मंगळाएवढा गोल तिरका आदळला. त्याला थिया हे नाव दिलं आहे. उडालेला वितळलेला आणि वाफ झालेला खडक पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि त्यातून चंद्र जमला.

हे असंच घडलं असेल असं का म्हणायचं? पहिलं कारण लोखंडाचं. पृथ्वीच्या वस्तुमानाचा जवळपास तिसरा हिस्सा तिच्या लोखंडी गाभ्यात आहे. चंद्राचा गाभा त्याच्या वस्तुमानाच्या एक-दोन टक्क्यांचा. चंद्राची घनता पाण्याच्या ३.३४ पट, पृथ्वीची ५.५१ पट. लोखंड आत बुडून गेल्यावर वरवरचा खडक उडाला असेल तर हा फरक सहज समजतो. दुसरं कारण दगडांचं. १९६९ ते १९७२ या काळात अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी ३८२ किलो दगडमाती आणली, आणि त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनांच्या ऑक्सिजन अणूंचं, प्रमाण पृथ्वीवरच्या खडकांशी जवळजवळ तंतोतंत जुळलं.

तिसरं कारण तुम्ही स्वतः पाहू शकता. जमून आलेला चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा महासागर होता. तो थंड होताना जड खनिजं खाली बसली आणि हलकी खनिजं दुधावर साय धरावी तशी वर आली. ती साय म्हणजे चंद्राचा पांढरा भाग. त्या खडकाला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाकडच्या भागात, सुमारे ६९ दक्षिण अक्षांशावर उतरलं. प्रज्ञान रोव्हरने तिथल्या मातीतली मूलद्रव्यं मोजली, तेव्हा ती याच जातीच्या खडकाशी जुळली. अपोलोची माणसं विषुववृत्ताच्या पट्ट्यात उतरली होती; तिथून इतक्या दूर तीच कहाणी मिळाली, म्हणून या मोजमापाचं मोल मोठं. पौर्णिमेच्या रात्री पांढऱ्या भागाकडे पाहताना हे डोक्यात असू द्या.

काळी मैदानं पुढची. बहुतेक ३०० कोटी वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी. प्रचंड आघातांनी पडलेल्या खोलगट जागांत आतून बेसॉल्टचा लाव्हा येऊन पसरला. बेसॉल्ट आपल्याला परका नाही. सह्याद्रीचा काळा दगड तोच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. रत्नागिरीच्या सड्यावरचा तांबडा जांभा हासुद्धा पाण्यापावसाने कुजून बदललेला खडकच. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, म्हणून तिथला बेसॉल्ट कधी जांभा होत नाही, आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीचं विवर आजही ताजं दिसतं. जांभ्यावर दुर्बीण मांडून काळी मैदानं पाहण्यात मला फार आनंद वाटतो.

इथेच आणखी एक गैरसमज असतो, की चंद्रावरचे खड्डे म्हणजे ज्वालामुखीची तोंडं. ती जवळपास सगळी आघाताची विवरं आहेत. आघाताचं विवर पाहायला चंद्रावर जायलाच हवं असंही नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार बेसॉल्टमध्ये पडलेलं आहे, आणि अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी असल्यामुळे चंद्राचे अभ्यासक त्याच्याकडे मुद्दाम वळतात.

टकरीची मांडणी सिद्ध होऊन प्रकरण मिटलं, असं समजणं ही एका टोकाची चूक. हा नुसता तर्क आहे म्हणून सोडून देणं ही दुसऱ्या टोकाची. थिया दुसरीकडे घडली असेल तर चंद्राचे दगड पृथ्वीशी एवढे कसे जुळतात, यावर अजून खल चालू आहे. कुणी म्हणतात टक्कर याहून जोरदार होती आणि दोन्हींचं द्रव्य पूर्ण मिसळलं, कुणी म्हणतात थिया पृथ्वीच्या शेजारीच घडली असावी. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिरूपात तर चंद्र काही तासांतच जमताना दिसला.

भरती-ओहोटीचं गणित अर्धवट करणं

दर्यावर जाणाऱ्याला चंद्र पंचांगाआधी पाण्यात कळतो. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं की पूर्ण भरतीची वेळ मिळते: षष्ठीला सहा पाऊणे साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती आणि साडेदहाच्या सुमाराला ओहोटी. हा पाऊण म्हणजे चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो त्याचा हिशेब. अवस-पुनवेला उधाण, म्हणजे सर्वांत मोठी भरती; अष्टमीला भांग, म्हणजे सर्वांत लहान. उधाणाचा जोर बरेचदा तिथीनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो.

या भरतीमुळे चंद्र दूर जातो आहे. पृथ्वी स्वतःभोवती वेगाने फिरत असल्यामुळे पाण्याचा फुगवटा चंद्राच्या किंचित पुढे राहतो, चंद्राला पुढे ओढतो आणि त्याची कक्षा वाढत जाते. अपोलोच्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेसर मारून मोजलेला वेग वर्षाला ३.८ सेंटिमीटर आहे. त्याबरोबर पृथ्वीचं फिरणं मंदावतं.

आता चूक. चौकस विद्यार्थी ३,८४,४०० किलोमीटरला ३.८ सेंटिमीटरने भागतो, उत्तर सुमारे १,००० कोटी वर्षं येतं, आणि तो म्हणतो की ४५० कोटी वर्षांचा चंद्र एवढ्या लांब गेलाच कसा. भागाकार बरोबर आहे. वेग कायम सारखा होता हे गृहीतक चुकलं. चंद्र जन्मला तेव्हा आजच्या अंतराच्या दहाव्या हिश्शाहूनही जवळ होता. तेव्हाची ओढ प्रचंड होती आणि तो झपाट्याने दूर गेला. पुढे खंडांची आणि समुद्रांची मांडणी बदलत गेली तसा वेगही बदलला. आजचा वेग मधल्या दीर्घ काळाच्या मानाने जास्तच आहे.

याच गणिताचा व्यवहारातला भाग जिवाशी आहे. पुनवेला संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी असते. पाणी लांब गेलेलं, चंद्र वर येतोय, म्हणून माणसं कातळावर पुढे पुढे जातात. नंतर पाणी वाढत जातं आणि मध्यरात्रीकडे पूर्ण उधाण येतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणा मार्गावर किंवा अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर अशा रात्री थांबू नका. जायचंच असेल तर गावातल्या माणसाला वेळ विचारून जा.

दुर्बिणीच्या तक्रारी

पहिली दुर्बीण १०×५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री घ्या. पडवीच्या खांबाला टेकून धरली की हात थरथरत नाही. मोठी घ्यायची तर खोक्यावरच्या ५०० पटीच्या जाहिरातीला भुलू नका. भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये जितका, त्याच्या दुपटीपुढे मोठं करून उपयोग नसतो. ७० मिलिमीटरला १४० पट पुष्कळ.

काहीच दिसत नसेल तर शोधक दुर्बीण, म्हणजे नेम धरायला मोठ्या दुर्बिणीवर बसवलेली छोटी दुर्बीण, जुळलेली नसते. ती दिवसा दूरच्या मोबाइल टॉवरवर किंवा होडीच्या डोलकाठीवर जुळवून घ्या. सूर्याकडे मात्र कधीही रोखू नका, डोळा क्षणात जातो. रात्री आधी कमी पटीचा, म्हणजे २५ मिलिमीटरचं नेत्रिकाभिंग (डोळ्याजवळचं भिंग) लावा.

चित्र थरथरत असेल तर चंद्र क्षितिजाजवळ आहे का पाहा. दिवसभर तापलेला कातळही रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असतो. चंद्र वर येऊ द्या. वाळूत तिपाई हळूहळू रुतते. पायांखाली फळी ठेवा. मोबाइलवर फोटो नुसताच पांढरा येत असेल तर पडद्यावर चंद्राला बोट लावून उजेड खाली ओढा.

एसीच्या खोलीतून दुर्बीण थेट बाहेर आणली की आपल्या दमट हवेत काचेवर पाणी धरतं. झाकणं न काढता अर्धा तास अंगणात ठेवा. दव पडलं तर पंच्याने पुसू नका. खाऱ्या वाऱ्याने काचेवर मीठ बसलेलं असतं आणि त्याचे ओरखडे कायमचे राहतात. आधी हवेच्या फुग्याने उडवा, मग भिंगाच्या कापडाने हलकेच टिपा.

सर्वांत मोठा शत्रू पावसाळा. चामड्याच्या पिशवीत कपाटात ठेवलेल्या भिंगाला बुरशी धरते, आणि ती काचेला एकदा खाऊ लागली की निघत नाही. मिरगाआधी कोरड्या दिवशी दुर्बीण साफ करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि गुलाबी पडलेल्या पुड्या मंद आचेवर निळ्या होईपर्यंत तापवून पुन्हा घाला. कार्तिकात आकाश मोकळं झालं की डबा उघडा.