अमेरिकेतली गुलामगिरी वर्गात शिकवताय? या चुका टाळा

पहिल्या वर्षी मी नववीच्या वर्गात गुलामांच्या लिलावाचं नाटक बसवलं होतं. एक मुलगा बोली पुकारणारा, चौघे मळेवाले, एक जण बाकावर उभा आणि त्याच्या हातांना खेळाच्या दोरीचा सैलसा वेढा. बोली पन्नासपासून सुरू झाली आणि दोन मिनिटांत वर्ग हसून लोटपोट. बाकावरचा मुलगाही हसत होता. तास रंगला म्हणून मी खूश. रात्री वह्या तपासताना डोक्यात लख्ख उजाडलं की बाकावर उभं करायला मी वर्गातला सगळ्यात काळा मुलगा निवडला होता. ठरवून नाही, बोट आपसूक त्याच्याकडे गेलं. दिवाळीनंतरच्या पालकसभेत त्याची आई हळूच म्हणाली, "मॅडम, पोट्टे त्याले गुलाम म्हणतात."

त्यानंतर हा विषय मी बऱ्याचदा शिकवला. खाली लिहिलेल्या जवळजवळ सगळ्या चुका माझ्या स्वतःच्या आहेत.

अभिनय करून घेणं

वर्गात कुणालाही गुलाम करायचं नाही आणि कुणालाही मालक करायचं नाही. बस. खुद्द अमेरिकेतल्या शाळांमध्ये असे खोटे लिलाव भरवले गेले, त्याच्या बातम्या झाल्या, शाळांना माफी मागावी लागली. माणूस विकला जाताना काय वाटतं हे चाळीस मिनिटांत कळत नाही. कळतो तो फक्त खेळ, आणि खेळात हसू येणारच. मुलांना दोष देऊ नका.

सुरुवातच लिंकनपासून

बहुतेकांचा धडा राष्ट्राध्यक्ष लिंकनच्या १८६३ च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यापासून सुरू होतो. लिंकनने सही केली, गुलाम सुटले, पुढचा मुद्दा. मुलांच्या मनात चित्र बसतं ते एका उंच माणसाने कुलूप उघडल्याचं.

१ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा फक्त बंड करून देशातून फुटलेल्या दक्षिणेतल्या प्रदेशांना लागू होता. केंटकी, मिसूरी, मेरीलँड आणि डेलावेअर ही गुलामगिरी असलेली राज्यं संघराज्यात टिकून होती, तिथल्या गुलामांना त्याने हात लावला नाही. त्याच्या चार महिने आधी, ऑगस्ट १८६२ मध्ये, लिंकनने एका संपादकाला जाहीर पत्र लिहून कळवलं होतं की एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर मी तसं करीन. त्याच पत्राच्या शेवटी, सगळीकडची सगळी माणसं मुक्त असावीत ही आपली वैयक्तिक इच्छाही त्याने नोंदवली आहे. दोन्ही वाक्यं मुलांना द्या. एकच दिलंत तर लिंकन एक तर देव होतो नाहीतर ढोंगी.

मी आता सुरुवात करते ती मे १८६१ मधल्या एका रात्रीपासून. उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं यादवी युद्ध नुकतंच पेटलंय. व्हर्जिनियात तीन गुलाम एक होडी घेतात आणि वल्हवत मन्रो किल्ल्यावर, उत्तरेच्या सैन्याकडे जातात. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन हजर: कायद्याने ती आमची मालमत्ता आहे, परत द्या. किल्ल्यावरचा जनरल बटलर मूळचा वकील. तो म्हणतो, तुम्ही तर देशातून फुटून निघालात, मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू? आणि शत्रूची मालमत्ता युद्धात जप्त करता येतेच. काही आठवड्यांत शेकडो माणसं त्या किल्ल्याकडे चालत निघाली. लिंकनची सही व्हायला अजून दीड वर्ष होतं.

फळ्यावर नकाशा काढून ती जागा दाखवा. किल्ला ज्या भूशिरावर आहे त्याचं नाव पॉइंट कम्फर्ट. ऑगस्ट १६१९ मध्ये वीसेक आफ्रिकी माणसांना घेऊन जे जहाज व्हर्जिनियात आलं, ते इथेच लागलं होतं.

"मॅडम, मलिक अंबरही गुलामच होता ना?"

हा प्रश्न हुशार मुलगाच विचारतो, आणि 'तो वेगळा विषय' म्हणून आपण तो उडवून लावतो. उडवू नका, सगळ्यात मोठी किल्ली इथे आहे.

१६१९ मध्ये ते जहाज व्हर्जिनियाला लागलं तेव्हा इथियोपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभार हाकत होता. तो वजीर झाला. १६२६ मध्ये वारला, त्याच्यामागे मुलगा फतेहखान वजीर झाला. म्हणजे गुलामाचा मुलगा गुलाम नव्हता. (इथली गुलामी गोड होती असा अर्थ मुलांना काढू देऊ नका. आईबापांपासून तोडून विकलेलं पोर ते पोरच.)

व्हर्जिनियात काय झालं? १६६२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला: मूल कोणत्या दर्जाचं हे आईच्या दर्जावरून ठरेल. इंग्लंडमध्ये मूल बापाचं नाव आणि दर्जा घेई, इथे मुद्दाम उलटं केलं. मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तरी होणारं मूल त्याचा वारस होणार नव्हतं, त्याच्या मालमत्तेत भर पडणार होती. नववीच्या वर्गात हे सांगताना शब्द जपून वापरावे लागतात, पण सांगावं लागतंच. नाहीतर पुढचं गणित सुटत नाही.

ते गणित असं. अटलांटिकपार नेण्यासाठी आफ्रिकेत साधारण सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली. जिवंत उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. त्यांतली थेट उत्तर अमेरिकेत आली ती चार लाखांहूनही कमी. बाकीची बहुतेक ब्राझील आणि कॅरिबियन बेटांकडे. १८०८ पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला कायद्याने बंदी. आणि १८६० च्या जनगणनेत गुलाम किती? साडेएकोणचाळीस लाख. एवढंच फळ्यावर लिहा आणि थांबा. कुणीतरी विचारतंच, "एवढे आले कुठून?" उत्तर १६६२ च्या त्या ओळीत आहे.

कापूस सोडून देणं

आमच्याकडे पऱ्हाटीचं शिवार आहे. तरीही पहिली काही वर्षं मी कापसाचा मुद्दा एका वाक्यात संपवत होते. केवढा वेडेपणा!

आता प्रत्येक बाकावर मूठभर कापूस देते आणि बोटांनी सरकी काढायला लावते. पाच मिनिटांत मुलं वैतागतात, सरकी कापसाला चिकटून सुटता सुटत नाही. मग १७९३ मध्ये इलाय व्हिटनीने काढलेल्या सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राबद्दल विचारते, "यंत्र आलं, मग गुलामांचे कष्ट कमी झाले की वाढले?" नव्वद टक्के वर्ग 'कमी झाले' म्हणतो. सरकी काढणं स्वस्त झालं तसा कापूस लावणं फायद्याचं झालं, आणि वेचणी तर हातानेच. मळे पश्चिमेकडे, मिसिसिपीकडे पसरले. जुन्या राज्यांतून साधारण दहा लाख माणसं तिकडे विकली किंवा हलवली गेली, कित्येक संसार तिथेच मोडले. युद्धाच्या आधी अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता, आणि त्यावर न्यूयॉर्कचे व्यापारी, विमेवाले, उत्तरेतल्या गिरण्या सगळेच जगत होते. त्यामुळे 'उत्तर चांगली, दक्षिण वाईट' हेही मुलांच्या वहीतून काढून टाका. न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली ती १८२७ मध्ये.

१८६१ ला युद्ध सुरू झालं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग तो गेला वऱ्हाडातून, खानदेशातून, मुंबई बंदरातून. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअर बाजार वेडापिसा झाला आणि १८६५ ला युद्ध संपताच धाडकन कोसळला. कापसाचा भाव घरात रोज ऐकणाऱ्या पोरांना हे एका दमात कळतं.

एकदा मात्र एका मुलीने मला गप्प केलं. "मॅडम, वेचणीला तर आम्हीपण जातो. मग आम्ही गुलाम का नाही?" उत्तर मी दिलं नाही, वर्गाकडून काढून घेतलं. किलोवर पैसे मिळतात. मन नसेल तर उद्या दुसऱ्याच्या वावरात जाता येतं. संध्याकाळी घरी येता येतं. शेवटी मागच्या बाकावरून आलं: "तुझ्या मायले कोणी विकू शकत नाही."

शब्द सैल सोडणं

त्या प्रश्नानंतर 'मजूर' आणि 'कामगार' हे शब्द मी या धड्यातून हद्दपार केले. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या एका पाठ्यपुस्तकात आफ्रिकेतून आणलेल्यांना 'कामगार' म्हटल्याचं एका विद्यार्थ्याने आईला दाखवलं, आणि प्रकाशकाला मजकूर बदलावा लागला. आपल्याकडे उत्तरपत्रिकांत 'मजूर' सर्रास असतं.

'गुलाम' शब्दाचं मराठीत आणखी एक दुखणं आहे. तो पत्त्यांत असतो, लाडाच्या शिवीत असतो, त्यामुळे कानाला टोचत नाही. मी शक्य तिथे 'गुलाम केलेली माणसं' म्हणते. वाक्य लांबतं, पण 'केलेली' म्हटलं की 'कुणी केली?' हा प्रश्न येतो. 'हबशी', 'निग्रो' हे शब्द जुन्या मजकुरात येतील तेव्हा वाचून दाखवा, कधीचे ते सांगा, आपल्या वाक्यांत 'कृष्णवर्णीय' म्हणा.

रडवायची घाई

चाबकाच्या वळांनी भरलेल्या पाठीचा १८६३ चा एक फोटो फार प्रसिद्ध आहे. तो पहिल्याच तासाला दाखवला की वर्ग सुन्न होतो आणि आपल्याला वाटतं, पोहोचलं. पोहोचते ती पाठ. माणूस नाही. लगेच दुसरी तक्रारही येते, "मग ते लढले का नाहीत?"

लढले. साउथ कॅरोलिनात १७३९ ला, व्हर्जिनियात १८३१ ला नॅट टर्नर या गुलामाच्या मागे. रोज लढले ते काम रेंगाळवून, अवजारं मोडून, चोरून वाचायला शिकून. पुढे गुलामगिरीविरुद्धचा मोठा वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस लहानपणी बाल्टिमोरच्या रस्त्यावर गोऱ्या गरीब पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षरं शिकायचा. रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट तर मुलं दोनदा सांगायला लावतात. मे १८६२, चार्ल्स्टन बंदर, बंडखोर सैन्याची बोट. गोरे अधिकारी रात्री किनाऱ्यावर गेलेले. स्मॉल्सने कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घातली, वाटेतल्या किल्ल्यांना बरोबर शिट्ट्या देत बोट बाहेर काढली आणि आपल्या कुटुंबासकट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. पुढे हाच माणूस अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला.

फोटोऐवजी मी एक जाहिरात देते. सप्टेंबर १७६९, व्हर्जिनियातलं वर्तमानपत्र. सँडी नावाचा गुलाम पळालाय. वय पस्तिसेक, ठेंगणा, अंगाने जरा भरलेला. बूट शिवतो आणि त्यात मुख्यतः डावा हात वापरतो. जाडंभरडं सुतारकाम येतं, घोडा चांगला पळवतो. फार पितो, शिव्या देतो, धूर्त आहे. पांढरा घोडा घेऊन गेलाय. बूट शिवायची हत्यारंही नेली आहेत, म्हणजे बहुधा त्यावरच कुठेतरी काम शोधेल. जिल्ह्यात सापडला तर चाळीस शिलिंग, दुसऱ्या वसाहतीत सापडला तर दहा पौंड बक्षीस. खाली नाव: थॉमस जेफरसन. तेव्हा सव्वीस वर्षांचा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सर्व माणसे समान' हे वाक्य लिहायला त्याला अजून सात वर्षं आहेत.

"सापडला का?" हा प्रश्न नक्की येतो. उत्तर त्याच तासाला देऊ नका. सापडला, आणि १७७३ मध्ये जेफरसनने त्याला शंभर पौंडांना विकलं.

जात म्हणजे तेच, असं म्हणून मोकळं होणं

या जाहिरातीने मला एकदा अडचणीत आणलं. मी भाषांतरात घाईघाईने 'चांभार' लिहिलं होतं. एकाने सरळ विचारलं, "म्हणजे अमेरिकेतपण जात होती?" सँडीचा धंदा त्याला जन्माने चिकटलेला नव्हता, जन्माने चिकटली होती ती गुलामी. आता मी 'बूट शिवणारा कारागीर' लिहिते.

तुलना टाळा असं मी म्हणणार नाही, महाराष्ट्रात ती टळणारच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा धरली. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज करताहेत त्याच्या प्रती मागवल्या. तुलना कुणी केली, कधी केली, कशासाठी केली हे सांगून शिकवा. मग दोन रकाने करायला लावा: काय सारखं, काय निराळं. अस्पृश्याला सहसा बाजारात भाव नव्हता. गुलामाला होता, पण त्याच्या हातचं जेवण मालक रोज जेवत होता. असे मुद्दे मुलंच काढतात.

१८६५ ला पुस्तक मिटणं

डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. गुलामगिरी बंद, 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून'. हे अर्धं वाक्य वाचून दाखवा. पुढे दक्षिणेत बेकार हिंडण्यालाही गुन्हा ठरवलं गेलं आणि कैदी भाड्याने मळ्यांवर, खाणींत पाठवले गेले.

आणि परीक्षेत पुन्हा तेच विचारणं

एवढं सगळं शिकवून चाचणीत 'लिंकनचे कार्य स्पष्ट करा' विचारलं की मुलं धड्याच्या मागची पाच वाक्यं उतरवून मोकळी. मी आता सँडीची जाहिरात छापते आणि तीन प्रश्न विचारते. या माणसाला काय काय येत होतं? जाहिरात देणाऱ्याला कशाची काळजी आहे? जाहिरातीत काय लिहिलेलं नाही?

तिसऱ्या प्रश्नाला काही जण अर्धं पान लिहितात, गावाचं नाव नाही, फोटो नाही वगैरे. गेल्या वर्षी वेचणीला जाणाऱ्या एका मुलीने एकच ओळ लिहिली होती: 'तो का पळाला ते लिहिलं नाही.' पाचपैकी पाच दिले.